बाबांच्या मेंदूतली ‘सूज’, भाचीच्या मेंदूतली ‘सूज’ आणि स्टिरॉइडचा प्रश्न

नमस्कार. धायरीहून आलेला हा प्रश्न आहे. आधी तो थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल.

वडील ६६ वर्षांचे, बीपी आणि शुगर जुनी. सव्वा वर्षापूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, बोलणंही अडखळलं. रक्ताची गुठळी अडकली होती. दोन-तीन महिन्यांत ते पुन्हा स्वतःच्या पायांनी भाजी आणायला जाऊ लागले. सगळं सुरळीत चालू असताना आता दोनदा फिट आली. दुसरी फिट अनंत चतुर्दशीला रात्रभर मिरवणूक पाहून आल्यावर, दुसऱ्या दिवशी दुपारी. फिटनंतर उजवा हात दीड तास लुळा होता, म्हणून घरच्यांना वाटलं पुन्हा पॅरालिसिस झाला. डॉक्टरांनी एमआरआय पाहून सांगितलं की मेंदूतली सूज आणि खराब झालेल्या रक्तवाहिन्या यांमुळे फिट येते, आणि लेव्हेटिरासिटॅम ही फिटची गोळी सुरू केली. आता गोंधळ असा की ११ वर्षांच्या भाचीलाही गेल्या वर्षी फिट आली होती. तिच्याही एमआरआयमध्ये ‘रिंग’ आणि सूज होती, तिला जंताचं औषध आणि स्टिरॉइड दिलं आणि ती ठणठणीत झाली. मग बाबांना स्टिरॉइड का नाही? निदान सूज उतरवणारी साधी गोळी, किंवा आत्या म्हणतात तशी हळदीची कॅप्सूल? आणि सगळं बरं झाल्यावर वर्षाने फिट आलीच कशी?

मी गेली २४ वर्षं पुण्यात मेंदूविकारांची ओपीडी करतो. बाबांच्या फिल्म मी पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे जखम मेंदूच्या कुठल्या भागात आणि किती मोठी आहे हे मला माहीत नाही, आणि पुढचं बरंच काही त्यावर ठरतं. पण तुमच्या गोंधळाचं मूळ मला ओळखीचं वाटतं. ते ‘सूज’ या शब्दात आहे, आणि त्यात आम्हा डॉक्टरांचाच दोष जास्त. ओपीडीत आम्ही हा शब्द दिवसातून वीस वेळा वापरतो आणि प्रत्येक वेळी वेगळ्या अर्थाने. मेंदूच्या एखाद्या भागात पाणी साचलं तरी सूज. व्हायरसमुळे मेंदूज्वर झाला तरी सूज. आणि एमआरआयवर पाणी साचलेलं दिसत नाही, पण पेशींच्या पातळीवर रोगप्रतिकारक यंत्रणा महिनोन्‌महिने धुमसत राहते, तिलाही सूजच. भाचीची सूज पहिल्या प्रकारात मोडते, जिवंत कारणाभोवतीची, ताजी. बाबांची बहुधा तिसरी आहे.

ती समजून घ्यायला आधी मेंदूतल्या रक्तवाहिनीची भिंत पाहू. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा १५ ते २० टक्के वाटा तो एकटा घेतो. इतकं रक्त केसाहूनही बारीक वाहिन्यांमधून खेळतं, आणि तरीही रक्तातल्या बहुतेक गोष्टींना मेंदूत प्रवेश नसतो. १८८५ मध्ये पाउल एर्लिश यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला, तेव्हा सगळे अवयव रंगले आणि मेंदू मात्र कोराच राहिला. १९१३ मध्ये त्यांचे सहकारी गोल्डमान यांनी रंग मेंदूभोवतीच्या द्रवात सोडून पाहिला. तेव्हा मेंदू रंगला, बाकी शरीर कोरं राहिलं. मधे काहीतरी आडवं उभं आहे हे तेव्हा कळलं. आज त्याला ब्लड-ब्रेन बॅरियर म्हणतात. वाहिनीच्या आतल्या पेशी एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात, त्यांना बाहेरून पेरिसाइट नावाच्या पेशींची मिठी असते, आणि त्यावर अ‍ॅस्ट्रोसाइट, म्हणजे तारकापेशी, आपले पाय पसरून बसलेल्या असतात.

या तारकापेशी लक्षात ठेवा, कारण फिटची अर्धी गोष्ट त्यांच्यापाशी आहे. मेंदूतली पेशी प्रत्येक वेळी संदेश पाठवते तेव्हा थोडं पोटॅशियम बाहेर सांडतं आणि ग्लुटामेट नावाचं उत्तेजक रसायन सुटतं. ही सांडलवंड तारकापेशी लगेच उचलतात. त्यांनी ती उचलली नाही तर शेजारच्या पेशी आपोआप चाळवतात, त्यांच्यामुळे त्यांच्या शेजारच्या, आणि असा एक पट्टाच्या पट्टा एका तालात उसळू लागला की ती फिट.

गुठळी अडकली तेव्हा बाबांच्या मेंदूतला एक भाग रक्ताविना मेला. त्याच्या कडेच्या भागात रक्त होतं, पण अपुरं. तिथल्या वाहिन्या जगल्या, मात्र त्यांची शिवण उसवली. त्या फटींतून रक्तातली प्रथिनं मेंदूत झिरपू लागली. त्यात मुख्य अल्ब्युमिन. हा शब्द तुम्ही बाबांच्या लघवीच्या रिपोर्टवर वाचला असेल. बीपी-शुगरच्या पेशंटमध्ये मूत्रपिंडाची चाळणी गळते तेव्हा जे अल्ब्युमिन लघवीत उतरतं, तेच हे. रक्तात दर १०० मिलीलिटरला साडेतीन ते पाच ग्रॅम एवढं ते असतं आणि तिथे त्याची गरजच आहे. मेंदूत मात्र ते तारकापेशीच्या आत शिरतं आणि तिच्या कामाची घडीच बिघडवतं. पोटॅशियम उचलणारी तिची दारं कमी होतात, ग्लुटामेट उचलणंही मंदावतं. उंदरांच्या मेंदूवर नुसतं अल्ब्युमिन सोडलं, दुसरी कुठलीही इजा केली नाही, तरी काही दिवसांनी तो भाग फिटसारख्या लहरी दाखवू लागतो. इस्रायलमधले अलोन फ्रीडमन आणि अमेरिकेतल्या डॅनिएला कॉफर यांच्या गटांनी हे काम केलं. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझी स्वतःची विचार करायची पद्धत बदलली. तोवर मी पेशंटना ‘व्रणामुळे फिट येते’ एवढंच सांगून मोकळा होत असे.

दुसरी बाजू रोगप्रतिकारक पेशींची. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी असतात. मेलेल्या भागाचा राडा काढणं हे त्यांचं काम, आणि ते व्हायलाच हवं. पण काही जणांत त्या काम आटोपल्यावरही शांत होत नाहीत. इंटरल्युकिन-१ बीटासारखी रसायनं सोडत राहतात. हे रसायन पेशीवरच्या ग्लुटामेटच्या कुलपात असा बदल घडवतं की ते नेहमीपेक्षा सहज उघडतं आणि कॅल्शियम भसाभस आत येतं. शिवाय तेच रसायन रक्तवाहिनीची शिवण आणखी उसवतं. मिलानमधल्या अ‍ॅनामारिया वेझानी यांनी यावर अनेक वर्षं काम केलं आहे. म्हणजे गळकी वाहिनी सूज वाढवते आणि सूज वाहिनीला आणखी गळकी करते. त्यात फिट आली की तिच्यामुळे दोन्ही वाढतात.

‘वर्षाने कशी?’ याचं उत्तर यातच आहे. ते वर्ष रिकामं नव्हतं. वरून बाबा चालत होते, बोलत होते, आणि आत जखमेच्या कडेला पेशींची नवी जुळणी चालू होती. पाइप दुरुस्त झाला तरी भिंतीत मुरलेली ओल पुढच्या पावसाळ्यात पोपडे काढते, तसं काहीसं. म्हणूनच आम्ही पक्षाघातानंतरच्या फिटचे दोन भाग करतो. पहिल्या ७ दिवसांत आलेली फिट ताज्या इजेमुळे असते आणि ती पुन्हा येईलच असं नाही. ७ दिवसांनंतर आलेली एकच फिट असली तरी पुढच्या १० वर्षांत पुन्हा येण्याची शक्यता सुमारे ७० टक्के असते, म्हणून त्या एका फिटवरच अपस्माराचं, म्हणजे पुन्हा पुन्हा फिट येण्याच्या आजाराचं, निदान करता येतं. बाबांना तर दोन आल्या. गोळी सुरू केली हे बरोबरच झालं.

पक्षाघात झालेल्या बहुतेकांना फिट कधीच येत नाही, हेही सांगायला हवं, नाहीतर वाचणारे घाबरतील. मेंदूच्या बाहेरच्या सालीला, म्हणजे कॉर्टेक्सला, इजा झाली असेल, जखम मोठी असेल, किंवा रक्तस्राव झाला असेल तर धोका वाढतो. रक्तस्रावात तर लोहाचा अंश मागे राहतो आणि तो स्वतःच पेशींना चिडवतो. आत खोलवर छोटीशी गुठळी झालेल्याला हा धोका बराच कमी.

आता भाचीकडे येतो. तुम्ही ‘रिंग’ आणि ‘जंताचं औषध’ असं लिहिलं आहे, त्यावरून ते न्यूरोसिस्टिसरकोसिस असावं. आपल्याकडे मुलांमध्ये अचानक फिट येण्याचं हे फार मोठं कारण. घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘डॉक्टर, आम्ही तर शुद्ध शाकाहारी, हा किडा आला कुठून?’ अर्धवट शिजलेलं डुकराचं मांस खाल्ल्याने माणसाच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. पण मेंदूत जाते ती त्या कृमीच्या अंड्यातून निघालेली अळी. ती अंडी दुसऱ्या कुणाच्या तरी विष्ठेतून पाण्यात, मातीत, कोथिंबिरीवर, काकडीवर येतात. त्यामुळे मांसाला कधी हात न लावलेल्या घरातही हा आजार होतो.

आणि यातली खरी गंमत पाहा. मेंदूतली अळी जिवंत असते तोवर शरीराच्या पहारेकऱ्यांना चकवून राहते, आणि पुष्कळदा काहीच त्रास देत नाही. ती मरायला लागते तेव्हा तिचे अंश बाहेर पडतात, रोगप्रतिकारक पेशी तुटून पडतात, भोवतीच्या वाहिन्या गळू लागतात आणि पाणी साचतं. फिट तेव्हा येते. एमआरआयवर दिसणारी चमकदार रिंग ही त्या गळतीचीच खूण, कारण शिरेतून दिलेलं कॉन्ट्रास्ट औषध गळक्या वाहिन्यांमधूनच तिथे साचतं. अशा वेळी थोडे दिवस दिलेलं स्टिरॉइड नेमकं त्या भडक्यावर बसतं. कारण ताजं आहे, मुदतीचं आहे, आणि गाठ विरली की संपणारं आहे. (गाठ २० मिलिमीटरहून मोठी, वेडीवाकडी असेल तर टीबीचा विचार करावा लागतो, आणि मग औषधं पूर्ण बदलतात.) गाठ विरून मागे चुन्याचा ठिपका राहिला असेल तर भाचीची फिटची गोळी बंद करायची घाई करू नका. तो ठिपका वर्षांनंतरही पुन्हा सुजू शकतो.

बाबांच्या मेंदूत असा भडका नाही. जुना व्रण आहे, भोवती मंद धग आहे. तिथे स्टिरॉइडचा उपयोग होतो असा पुरावा नाही, आणि तोटा मात्र रोकडा आहे. स्टिरॉइडने शुगर चढते, बीपी चढतं. आणि त्याच दोघांनी बाबांच्या वाहिन्या मुळात खराब केल्या. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक आजोबा आले होते, अशाच फिटनंतर. कुणीतरी रिपोर्टमधला ‘सूज’ शब्द वाचून त्यांना दीड महिना स्टिरॉइड दिलं होतं. शुगर ४०० च्या वर, तोंडात बुरशी, आणि फिट होत्या तशाच. ती शुगर खाली आणताना आम्हाला फार झगडावं लागलं, म्हणून हे कळकळीने सांगतो आहे.

डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या दुखण्यावरच्या गोळ्याही या सुजेसाठी नकोत. त्या बीपी वाढवतात, मूत्रपिंडाला त्रास देतात, आणि ज्याला एकदा पक्षाघात झाला आहे त्याला पुन्हा होण्याचा धोका वाढवतात. आत्यांच्या हळदीबद्दल: भाजी-आमटीतली हळद, रात्रीचं हळद-दूध, खुशाल द्या. कॅप्सूल मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. बाबांना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, आणि बऱ्याच कॅप्सूलमध्ये काळ्या मिरीचा अर्क असतो. तो इतर औषधांचं रक्तातलं प्रमाण बदलतो. फिटच्या फेनिटोइन या गोळीबाबत तर हे मोजून पाहिलेलं आहे.

मग या सगळ्या संशोधनाचा बाबांना काही उपयोग आहे का? आहे, पण थोडा आडवाटेने. लोसार्टन ही बीपीची साधी गोळी. अल्ब्युमिन तारकापेशीत ज्या मार्गाने बिघाड करतं तो मार्ग ती अडवते, आणि उंदरांमध्ये तिने इजेनंतरची फिट टाळलेली दिसली. जर्मनीत बीपीच्या पेशंटच्या मोठ्या नोंदी तपासल्या तेव्हा या गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये अपस्मार कमी आढळला. हा नोंदींचा अभ्यास आहे, त्यावरून ‘फिटसाठी लोसार्टन’ असं लिहून देणं चूक ठरेल. पण बाबांना बीपीसाठी या गटातली गोळी आधीच चालू असेल तर ती चुकवू नये, एवढं मी माझ्या पेशंटना नक्की सांगतो. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, तंबाखू: वाहिन्यांची भिंत राखायचे खात्रीचे उपाय अजूनही हेच आहेत.

लेव्हेटिरासिटॅम निवडली ते मला योग्य वाटतं. कार्बामाझेपिन, फेनिटोइन या जुन्या गोळ्या चांगल्या आहेत, पण त्या यकृताला असं कामाला लावतात की कोलेस्टेरॉलची आणि रक्त पातळ करणारी काही औषधं कमी पडू लागतात. लेव्हेटिरासिटॅममध्ये ती भानगड नाही. काहींचा स्वभाव मात्र चिडका होतो. ‘बाबा हल्ली फार अंगावर येतात’ असं आईला वाटत असेल तर ते डॉक्टरांना सांगा, गोळी बदलता येते.

फिटनंतर हात दीड तास लुळा पडला, त्याचाही संबंध वाहिन्यांशी आहे. फिट संपल्यावर त्या भागातल्या बारीक वाहिन्या आवळल्या जातात आणि तासाभराहून जास्त वेळ तिथे प्राणवायू कमी पडतो, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत मोजलं गेलं आहे. थकलेल्या पेशींच्या जोडीला हेही त्या लुळेपणाचं एक कारण मानलं जातं. त्याला टॉड्स पॅरालिसिस म्हणतात आणि तो आपोआप उतरतो. पण घरी बसून ‘हे फिटमुळे आहे, उतरेल’ असं ठरवू नका. नवा पक्षाघात असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांतच देता येतं. तुम्ही बाबांना ताबडतोब हॉस्पिटलमध्ये नेलंत, पुढेही तसंच करा.

प्रत्येक फिट त्या भागातली गळती आणि धग पुन्हा वाढवते, म्हणून ‘वर्षाकाठी दोनच तर येतात’ असं म्हणून गोळी सोडणाऱ्यांशी मी भांडतो. माझ्या एका पेशंटच्या पत्नी दर वेळी भिंतीवरचं कॅलेंडर गुंडाळून पिशवीतून आणतात. फिट आली त्या तारखेला लाल गोल, गोळी चुकली तिथे निळी फुली. एकदा टेबलावर ते पसरलं तेव्हा पाच लाल गोलांपैकी चार गोलांच्या आदल्या दिवशी निळी फुली होती, आणि त्या चारपैकी तीन एकादश्या. उपवासाला गोळी चालत नाही अशी काकांची समजूत. त्यांना एवढंच सांगितलं की गोळी पाण्याबरोबर घ्या, उपवास मोडत नाही. पुढच्या कॅलेंडरवर एकच लाल गोल होता. बाबांच्या बाबतीत मिरवणुकीची जागरणाची रात्र हा असाच धागा आहे. पुढच्या वर्षी मिरवणूक टीव्हीवर पाहू द्या आणि रात्रीची झोप सांभाळा.

ज्यांच्या घरात पक्षाघात झालेलाच नाही, पण साठीनंतर पहिल्यांदा फिट आली आहे, त्यांनीही इकडे लक्ष द्यावं. त्या वयात वाहिन्यांचा आजार कधी कधी आधी फिटच्या रूपाने दार वाजवतो. ब्रिटनमधल्या २००४ च्या एका मोठ्या अभ्यासात अशा लोकांना पुढे पक्षाघात होण्याचं प्रमाण इतरांच्या जवळपास तिप्पट दिसलं. तेव्हा फिटची गोळी सुरू झाली की बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल आणि हृदयाची तपासणीही मागून घ्या. आणि तरुण बाळंतिणीचं डोकं दिवसेंदिवस दुखत असेल, त्यात फिट आली, तर ते अशक्तपणावर ढकलू नका. मेंदूतली अशुद्ध रक्ताची शीर गुठळीने बंद झालेली असू शकते आणि अशांपैकी सुमारे ४० टक्के जणांना फिट येते. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची जुनी रीत अजून काही घरांत दिसते, ती या गुठळीला मदतच करते.

स्टिरॉइड खरंच लागतं असे मोठ्यांचे अपस्मारही आहेत, म्हणून एक गोष्ट विचारतो. बाबांचा चेहरा आणि त्याच बाजूचा हात दिवसातून अनेकदा, क्षणभरच, झटका दिल्यासारखा आखडतो का? सोबत विसरभोळेपणा झपाट्याने वाढला आहे का, रक्तातलं सोडियम कमी आहे का? तसं असेल तर शरीरानेच मेंदूविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली असण्याची शक्यता असते. तिथे फिटच्या गोळ्यांपेक्षा स्टिरॉइडच चालतं आणि उशीर महागात पडतो. तुमच्या वर्णनावरून तसं वाटत नाही, पण ‘नाही’ हे उत्तर तुमच्याकडून हवं.

पुढच्या भेटीला तिन्ही गोष्टी न्या: सव्वा वर्षापूर्वीच्या एमआरआयच्या फिल्म, आताच्या फिल्म, आणि बाबांच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, आयुर्वेदिक धरून. पुन्हा फिट आली तर बाबांना कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ लावा. घरात दुसरं कुणी असेल तर त्याला मोबाइलवर शूटिंग करायला सांगा, चेहरा आणि उजवा हात दोन्ही दिसतील असं. फिट कुठून सुरू झाली हे मला त्या वीस सेकंदांत जितकं कळतं, तितकं अर्ध्या तासाच्या वर्णनातूनही कळत नाही.